उत्तर आलं, पण चूक किती?

बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, डिझाइन विभागात काम करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिने कळवलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

"मॅडम, मी नागपूरच्याच कॉलेजातून मेकॅनिकल केलं. तीन वर्षं झाली, मशीनच्या भागांवर येणारा ताण काढायचं काम करते. तयार सॉफ्टवेअर आहे. भार टाकायचा, मेश करायचा, म्हणजे भागाचे बारीक तुकडे पाडायचे, बटण दाबायचं, की रंगीत चित्र येतं. साहेब विचारतात, लाल कुठे आहे, आकडा किती. मी सांगते. मागच्या महिन्यात एका ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात मेश बारीक केला, तर आकडा वाढला. अजून बारीक केला, अजून वाढला. थांबायलाच तयार नाही. साहेब म्हणाले, जुन्या मेशचा आकडा लिही आणि रिपोर्ट पाठवून दे. मी पाठवला, पण मन लागत नाही. खरा आकडा कोणता, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मला सायंटिफिक कम्प्युटिंग आणि सिम्युलेशन वरच्या पातळीवर शिकायचं आहे. बाबा म्हणतात, त्यापेक्षा सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स कर. माझं गणित इंजिनिअरिंगपुरतंच आहे. जमेल का मला? कुठे शिकू? नोकरी सोडू का?"

बाळा, सत्तावीस वर्षं मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना न्यूमेरिकल मेथड्स, म्हणजे समीकरणांची उत्तरं आकड्यांनी जवळपास काढायच्या पद्धती, शिकवल्या. आकडा आला की मुलं वही मिटतात. आलेल्या आकड्यावर झोप उडालेली मुलगी मला फार क्वचित भेटली. तुला विषय जमेल की नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या त्या ब्रॅकेटमध्येच आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

तुझं सॉफ्टवेअर बरोबर होतं आणि तूही बरोबर होतीस. चुकलं होतं ते तू काढलेलं भागाचं चित्र. तू कोपरा अगदी टोकदार काढला असणार, गोलाई न देता. लवचीक पदार्थाच्या समीकरणांत अशा टोकदार आतल्या कोपऱ्यावर ताण अनंत असतो. १९५२ साली विल्यम्स यांनी तो कोपऱ्याजवळ कसा वाढत जातो हे गणिताने मांडलं. कोपरा काटकोनी असेल, तर मेशचा आकार निम्मा केला की तिथला आकडा दर वेळी साधारण १.३७ पट व्हायला हवा. जुन्या फायली असतील तर उघड आणि एकामागोमाग आलेल्या आकड्यांचा भागाकार करून बघ. त्याच्या आसपास आला, तर तुझा संगणक खऱ्या उत्तराच्या मागे धावतच होता, फक्त ते उत्तर अनंत होतं. साहेबांनी लिहायला लावलेला आकडा कोपऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. त्या दिवशी मेश किती जाड होता, एवढंच तो सांगतो. आता कारखान्यात तो कोपरा खरोखर किती त्रिज्येने गोल केला जातो ते विचार, तेवढी गोलाई चित्रात दे, आणि मेश पुन्हा बारीक करत जा. आकडा एका जागी येऊन थांबेल. तो आकडा आणि हे कारण, दोन्ही एका पानावर लिहून साहेबांना नेऊन दे. हे सगळ्यात आधी कर, शिक्षणाचं त्यानंतर बघू.

मी याला इतकं महत्त्व का देते, ते सांगते. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइपनर ए नावाच्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी समुद्राच्या खाडीत हळूहळू बुडवत होते. मध्येच एक भिंत फाटली, पाणी आत घुसलं, आणि तो अवाढव्य पाया तळाशी जाऊन चक्काचूर झाला. भूकंपमापकावर ३ रिश्टरची नोंद झाली. माणसं सुदैवाने वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. चौकशीत निघालं ते हे: तीन भिंती जिथे मिळतात तिथला मेश फार ओबडधोबड होता, आणि त्यामुळे तिथला कातर ताण ४७ टक्के कमी आला होता. त्यावरून भिंत बारीक ठेवली, सळ्याही कमी पडल्या. नंतर नीट मेश करून पुन्हा हिशेब केला तेव्हा उत्तर आलं की ६२ मीटर खोलीवर हा पाया फुटेल. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे हिशेबाची पद्धत चांगलीच होती, बघणाऱ्याने पहिल्या चित्रावर विश्वास टाकला. ते पहिलं चित्रही रंगीत आणि देखणंच असणार.

तुला जे शिकायचं आहे ते मुळात हेच आहे. सॉफ्टवेअर चालवणं तुला येतं. आलेलं उत्तर किती चुकलेलं आहे हे सांगता येणं, हा विषय. संगणक समीकरण सोडवत नाही, समीकरणाच्या जवळपासचं काहीतरी सोडवतो. त्या जवळपासमध्ये किती अंतर आहे, ते कशामुळे पडलं आणि कमी करायला किती वेळ, किती मेमरी लागेल, यावरच सगळा वरच्या पातळीचा अभ्यास उभा आहे.

एक गोष्ट घरी करून बघ. नागपुरात राहतेस, म्हणून स्लॅबचंच उदाहरण देते. मे महिन्यात संध्याकाळी आपण गच्चीवर पाणी मारतो, तरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री पंखा गरम वाराच फेकतो. असं का, ते वीस ओळींच्या पायथॉनच्या कोडमध्ये दिसतं. काँक्रीटमधून उष्णता पसरण्याचा गुणांक घे, सेकंदाला सुमारे ०.७ चौरस मिलिमीटर. स्लॅब १५ सेंटिमीटरचा. दिवसाची चढउतार वरून आत शिरायला किती वेळ घेते ते कागदावर काढलंस तर सुमारे चार तास येतात. वर दुपारी दोनला असलेला ताव खाली संध्याकाळी सहाला पोचतो.

आता हेच संगणकावर. स्लॅबच्या जाडीचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे कर, आणि वेळ एक-एक मिनिटाने पुढे सरकव. प्रत्येक ठिकाणचं नवं तापमान शेजारच्या दोघांवरून काढायचं. सगळं छान चालेल, वक्र गुळगुळीत येईल. मग तुला वाटेल, अजून अचूक करू या. तुकडे अर्ध्या सेंटिमीटरचे कर, मिनिट तेच ठेव. अर्ध्या तासाचा हिशेब पुरा व्हायच्या आत तुझ्या गच्चीचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर गेलेलं असेल, आणि शेजारचा बिंदू तितकाच उणे. अर्ध्या सेंटिमीटरला वेळेची उडी १८ सेकंदांच्या आतच हवी, तू साठ घेतलीस. अंतर निम्मं केलं की वेळेची उडी चौथाई करावी लागते. कोरां, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये, म्हणजे संगणक यायच्या आधीच, लाटांच्या समीकरणासाठी अशी मर्यादा सिद्ध केली होती. मी वर्गात हा प्रयोग दर वर्षी करून दाखवायची. तुकडे बारीक करूनही उत्तर बिघडू शकतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं पुढे सावध होतात.

पण असं फुटणारं उत्तर त्रास देत नाही, कारण ते लगेच दिसतं. त्रास देतं ते शहाण्यासारखं दिसणारं चुकीचं उत्तर. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी उष्णतेचाच एक प्रोग्राम होता. आलेख इतके सुरेख यायचे की मार्गदर्शकांना दाखवून मी खूशही झाले होते. नंतर ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं असं एक सोपं उदाहरण त्याला दिलं, आणि अंतर निम्मं करत चूक मोजली. पद्धतीप्रमाणे चूक दर वेळी चौथाई व्हायला हवी होती, माझी निम्मीच होत होती. तीन आठवडे मी आतली समीकरणं तपासत बसले. चूक कडेला होती. खालच्या बाजूने उष्णता बाहेर जात नाही, ही अट मी एकाच बाजूच्या फरकाने लिहिली होती, आणि त्या एका ओळीने सगळ्या स्लॅबची अचूकता खाली आणली होती. त्या चार आणि दोनच्या फरकाने मला जे शिकवलं ते कुठल्याही परीक्षेने शिकवलं नाही. म्हणून तुला सांगते, कुठलाही अभ्यासक्रम निवडताना एकच विचार: तिथे मला स्वतः सॉल्व्हर, म्हणजे समीकरण सोडवणारा प्रोग्राम, लिहायला लावतील का, आणि त्याची चूक मोजायला लावतील का? नुसतं पॅकेज शिकवत असतील, तर ते तुला येतंच.

गणिताबद्दल. तू म्हणतेस इंजिनिअरिंगपुरतं आहे. खरं आहे, आणि तेवढं पुरणार नाही. पण घाबरण्यासारखंही काही नाही. तुला सूत्रं येतात, आता ती कधी खोटी ठरतात ते शिकायचं आहे. सुरुवात लिनिअर अल्जेब्रापासून कर, आणि या वेळी हाताने डिटर्मिनंट काढत बसू नकोस. १, १/२, १/३ अशा अपूर्णांकांनी भरलेली हिल्बर्ट मॅट्रिक्स दहा बाय दहाची घे, ज्याचं उत्तर सगळे एक येईल असा प्रश्न बनव, आणि संगणकाला सोडवायला दे. संगणक साधारण सोळा अंक सांभाळतो. त्यातले तेराच्या आसपास या एका गणितात वाहून जातात, हातात दोन-तीन उरतात. बारा बाय बाराची घेतलीस तर एकाही अंकाची खात्री नाही. प्रोग्राममध्ये कुठेही चूक नसते. प्रश्नच असा नाजूक आहे की धक्का लागला की कोलमडतो. हा नाजूकपणा मोजणाऱ्या आकड्याला कंडिशन नंबर म्हणतात, आणि तो नीट समजला की या विषयातलं बरंच काही आपोआप उलगडतं.

त्यानंतर रिअल ॲनालिसिस, म्हणजे 'जवळ जातं' याचा काटेकोर अर्थ लावणारं गणित. हा तुला जड जाईल, कारण इंजिनिअरिंगमध्ये तो कुणी शिकवतच नाही. पुढे एफईएमचं (तुझं सॉफ्टवेअर ज्या मेशच्या पद्धतीवर चालतं तिचं) खरं गणित, म्हणजे मेश बारीक केला की उत्तर जवळ येतं याची सिद्धता, त्यावरच उभं आहे. वर्षभर रोज तास-दीड तास दे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटींच्या प्राध्यापकांची या सगळ्यांवरची व्याख्यानं फुकट आहेत. बघताना वही-पेन घेऊन बस, नुसतं बघून गणित येत नाही. एखादी सिद्धता दोन दिवस कळली नाही तर तिसऱ्या दिवशी कळते, हे मी शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

प्रोग्रामिंगबद्दल थोडक्यात सांगते. पायथॉनवर थांबू नकोस, सी प्लस प्लस शीक, आणि फोरट्रान वाचता येईल इतपत ओळख ठेव, कारण हवामानाची मोठी मॉडेलं अजून त्यातच आहेत. लिनक्स आणि गिट आलंच पाहिजे. मग एमपीआय, म्हणजे एकच हिशेब अनेक प्रोसेसरवर वाटून द्यायची पद्धत. ती का लागते ते असं समज: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेली हवामान अंदाजाची भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, ती सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. ऐकायला फक्त निम्मं वाटतं, पण लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, आणि वेळेची उडीही निम्मी, म्हणजे काम निदान आठपट. त्यासाठी तिथे अर्क नावाचा ११.७७ पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी... आकडेमोडी करणारा महासंगणक आहे. आणि एवढं करून अख्खं नागपूर शहर सहा-सात चौकोनांत बसतं. मानेवाड्यात पाऊस आणि सदरला कोरडं, हे आपण नेहमी बघतो, ते त्या चौकोनांना अजून दिसत नाही. अशा ठिकाणी करण्यासारखं काम किती पडलं आहे, विचार कर.

कुठे शिकायचं? बंगळूरच्या आयआयएससीत कम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेसचा स्वतंत्र विभाग आहे. तुझ्यासारख्या इंजिनिअरिंगहून येणाऱ्या मुलीसाठी मी तो सगळ्यात वर ठेवीन. तिथे एम.टेक.साठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेटचे गुण तीन वर्षं चालतात आणि त्यावर विद्यावेतनही मिळतं. मेकॅनिकलच्या पेपरशिवाय इंजिनिअरिंग सायन्सेस हा पेपरही बघ. त्यात गणिताचा भाग सक्तीचा आहे आणि न्यूमेरिकल मेथड्स त्यात येतात. कुठला विभाग कुठला पेपर घेतो ते अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाच. पुणे विद्यापीठात सायंटिफिक कम्प्युटिंग, मॉडेलिंग अँड सिम्युलेशन याच नावाचा विभाग आहे, घराच्या जवळ आणि खर्चाला झेपेल असा. टीआयएफआरचं बंगळूरचं सेंटर फॉर ॲप्लिकेबल मॅथेमॅटिक्स हे समीकरणांच्या गणितासाठी देशातलं फार मानाचं ठिकाण आहे, पण तिथे जायचं तर आधी गणित पक्कं कर. परदेशी जायची इच्छा असेल तर म्युनिकचं टीयूएम, झुरिकचं ईटीएच इथे मास्टर्स आहे. त्याचं नाव सीएसई असतं, आणि तिथे त्याचा अर्थ कम्प्युटेशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग असा आहे. आपल्याकडे सीएसई म्हटलं की कॉम्प्युटर सायन्स समजतात, मुलं अर्ज भरताना गोंधळतात.

आणि नागपुरातून लगेच उठून जायचीही गरज नाही. व्हीएनआयटी तुझ्या शहरात आहे. तिथल्या गणित, मेकॅनिकल आणि सिव्हिल या तिन्ही विभागांची पानं बघ, कोण कशावर काम करतं ते वाच, आणि दोन-तीन जणांना मोजक्या ओळींचा मेल टाक. मेलमध्ये तुझ्या कोपऱ्याची गोष्ट लिही, मार्कांची नको. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथे हवेतलं प्रदूषण कसं पसरतं याची मॉडेलं चालतात. अजून एक विषय सुचवते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुला आठवत असेलच. फुकट मिळणारे जमिनीच्या उंचीचे नकाशे बरेचदा तीस मीटरच्या चौकोनांचे असतात. शहरातली नाग नदी बऱ्याच ठिकाणी अशा एकाच चौकोनात गडप होते, म्हणजे संगणकाला नदीच दिसत नाही. मग पाणी कुठून कुठे गेलं हे तो सांगणार कसा? एम.टेक.चा प्रबंध करायला तुला दूर जायला नको.

आता बाबा. त्यांचं चुकत नाही. डेटा सायन्सच्या जाहिराती जास्त असतात, आणि सायंटिफिक कम्प्युटिंग या नावाची नोकरी शोधायला गेलीस तर यादी लहान दिसेल. ते काम सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं) इंजिनिअर, सॉल्व्हर डेव्हलपर, एचपीसी (महासंगणकावरचं काम), सायंटिस्ट अशा नावांखाली असतं. हवामान, इस्रो, पुण्याचं सीडॅक, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांची पुण्या-बंगळूरची ऑफिसं, अशा ठिकाणी. बाबांना एवढं नक्की सांग की न्यूरल नेटवर्क शिकवायची जी मूळ युक्ती आहे, ती सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० साली गणन करताना साचत जाणाऱ्या चुका मोजण्यासाठी मांडली होती. म्हणजे त्या दुसऱ्या वाटेची मुळंही तुझ्याच विषयात आहेत. हा अभ्यास करून डेटा सायन्सकडे वळणं सोपं आहे. उलट दिशेने येताना गणिताची भिंत आडवी येते. आणि पुढे पीएच.डी. केलीस तर जेआरएफचे, म्हणजे संशोधनासाठीच्या पाठ्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये मिळतात, हा आकडाही त्यांना सांग. बापाला काळजी पैशाची कमी आणि मुलीच्या भविष्याची जास्त असते, पण आकडा ऐकला की त्यांनाही धीर येतो.

नोकरी आत्ता सोडू नकोस. गेट फेब्रुवारीत असते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरायचा असतो. तोवर ती नोकरीच तुझी प्रयोगशाळा आहे. रोज समोर येणाऱ्या प्रत्येक भागावर मेश तीनदा बदलून आकडे एका वहीत लिहून ठेव, कुणी मागो न मागो. सहा महिन्यांनी ती वही घेऊन मुलाखतीला बसलीस, तर तुझ्याकडे बोलण्यासारखं असं काही असेल जे थेट कॉलेजातून आलेल्या मुलांकडे नसतं.

सुरुवात स्लॅबने कर. दोन्ही कडांना तापमान शून्य धर, सुरुवातीला मधे फुगलेला साइनचा वक्र दे, त्याचं उत्तर कागदावर एका ओळीत निघतं. दोन सेंटिमीटरने १५ बरोबर भागले जात नाहीत, म्हणून १.५ सेंटिमीटर, पाऊण सेंटिमीटर आणि त्याच्या निम्मं, असे तीन मेश घे. पहिल्याला वेळेची उडी १२० सेकंद, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला साडेसात. सहा तासांनंतरच्या तीन चुका मला पाठव. चूक दर वेळी चौथाई होत असेल, तर पुढच्या पत्रात खालच्या कडेतून उष्णता बाहेर जाऊ न देता बघू. होत नसेल तर आतलं काही बदलू नकोस, आधी पहिला आणि शेवटचा बिंदू तपास.